भेटीगाठींचा लांबचा प्रवास: निघण्यापासून मनन पूर्ण होईपर्यंत

दूरदूर विखुरलेल्या मित्रांना आणि ख्रिस्ती विश्वासातल्या बंधुभगिनींना भेटत देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी हा लेख आहे. परतल्यावर ज्यांना त्या प्रवासावर नीट मनन करायचं आहे, त्यांना तो विशेष उपयोगी पडेल. असं मनन बहुधा एकाच कारणाने फसतं: ते घरी पोहोचल्यावर सुरू केलं जातं. तोवर सात-आठ घरांतली बोलणी एकमेकांत मिसळलेली असतात, कोणाच्या आजारपणासाठी प्रार्थना करतो म्हणालो होतो ते आठवत नाही, आणि हाती फक्त फोटो उरतात. म्हणून मननाची तयारी निघण्याच्या दीड-दोन महिने आधीपासून करायची.

सुरुवातीलाच आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मनन फक्त आपल्या अनुभवांपुरतं राहिलं तर ते अर्धवट राहतं. ज्यांनी दार उघडलं, जेवू घातलं, मनातलं सांगितलं, त्या माणसांचं आपण आता काय देणं लागतो हे ओळखायचं आणि ते फेडायला लागायचं, हा त्याचा गाभा आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने मांडल्या आहेत.

पहिल्या पानावर उद्देश

एक वही घ्या आणि पहिल्या पानावर प्रवासाचा उद्देश एका वाक्यात लिहा. प्रेषित पौलाने आपला सोबती बर्णबा याला म्हटलं होतं की ज्या ज्या नगरात आपण वचन सांगितलं तिथे पुन्हा जाऊ आणि बंधुजन कसे आहेत ते पाहू (प्रेषितांची कृत्ये १५:३६). इतका साधा उद्देश पुरतो. रोमकरांस पत्रात (१:११-१२) तो आधी म्हणतो की तुम्हाला काही आत्मिक दान द्यावं म्हणून यायचं आहे, आणि लगेच पुढे स्पष्ट करतो की तुमच्या आणि माझ्या विश्वासामुळे आपल्याला एकमेकांकडून उत्तेजन मिळावं. देणं आणि घेणं दोन्ही बाजूंनी होणार हे मनाशी पक्कं करून निघा. फक्त द्यायला निघालेला माणूस यजमानाला जड होतो, आणि फक्त घ्यायला निघालेला लवकरच निराश होतो.

उद्देशाखाली भेटायच्या प्रत्येकाचं नाव आणि त्यापुढे दोन-तीन ओळी लिहा: शेवटची भेट केव्हा झाली, त्यांच्याबद्दल आत्ता काय माहीत आहे, काय विचारायचं आहे, आणि कोणता विषय आपणहून काढायचा नाही. या ओळी परतल्यावर फार मोलाच्या ठरतात. आपली स्मृती स्वतःला दुरुस्त करत राहते. भेट झाल्यावर ‘मला हे आधीपासून ठाऊकच होतं’ असं वाटू लागतं, आणि त्यातलं खरं किती ते या पानावरूनच कळतं.

मुक्काम किती आणि कुठे

प्रेषितांची कृत्ये वाचताना पौलाच्या मुक्कामांकडे सहसा लक्ष जात नाही. सोर इथे सात दिवस, प्तलमैस इथे एकच दिवस, कैसरियात फिलिप्पाच्या घरी बरेच दिवस (अध्याय २१), रोमला जाताना पुतियुला इथे सात दिवस (अध्याय २८). म्हणजे सगळीकडे सारखं राहायचं असा नियम नाही. तरीही पहिल्या प्रवासासाठी प्रत्येक घरी दोन रात्री हे माप धरा.

एकच रात्र राहिलात तर पहिली संध्याकाळ प्रवासाच्या शिणात आणि घरच्यांची चौकशी करण्यात जाते, आणि सकाळी सामान आवरायची घाई असते. खरं बोलणं बहुधा दुसऱ्या दिवशी, काही काम करता करता निघतं. तिसऱ्या रात्रीपासून यजमानाचं रोजचं आयुष्य अडू लागतं. ‘शेजाऱ्याच्या घरी वरचेवर पाऊल टाकू नकोस, तो कंटाळेल’ असा इशारा नीतिसूत्रांत (२५:१७) आहेच. आरंभीच्या मंडळीतली ‘दिदाखे’ नावाची छोटी पुस्तिकाही वाटेने जाणाऱ्या पाहुण्याला दोन दिवस, गरज पडल्यास तीन, एवढंच राहू देते. त्याहून जास्त राहायचं असेल तर त्याने काम करून खावं, असं तिचं म्हणणं. आजही लांबचा मुक्काम असेल तर घरातलं एक ठरावीक काम आपल्याकडे मागून घ्यावं.

तीन आठवड्यांत सहा किंवा सात घरं होतात. यादी बाराची झाली की प्रत्येक भेट पुढच्या भेटीच्या काळजीत जाते. दर तीन घरांनंतर एक पूर्ण रिकामा दिवस ठेवा. त्या दिवशी कोणाचेही पाहुणे होऊ नका. एखाद्या आश्रमात, ध्यानगृहात किंवा साध्या खोलीत एकटे राहा, झोपा आणि वहीत राहून गेलेलं लिहा. आखणीत जागा कमी पडली की आधी हाच दिवस कापला जातो. तो कापण्यापेक्षा एक घर कमी करा.

गाडी स्वतः चालवत असाल तर दिवसाला सहा-सात तासांपेक्षा जास्त नको. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबून पायी चाला आणि अंधार पडायच्या आत पोहोचा. रात्री उशिरापर्यंत गप्पा झाल्यावर पहाटे निघणं हा या प्रवासातला सगळ्यात मोठा धोका आहे. उशीर झाला तर यजमानांना आणि पुढच्या घरी, दोन्हीकडे सांगून निघायची वेळ पुढे ढकला. रेल्वेने किंवा बसने जात असाल तर दोन घरांच्या मध्ये अर्धा दिवस मोकळा ठेवा, कारण एक गाडी चुकली की पुढची सगळी साखळी हलते.

यजमानांना पहिलं पत्र किंवा संदेश सहा ते आठ आठवडे आधी पाठवा. त्यात किती जण येणार, कोणत्या तारखेला दुपारी की संध्याकाळी पोहोचणार, कोणत्या तारखेला किती वाजता निघणार, काही पथ्य, ॲलर्जी किंवा जिना चढायची अडचण आहे का, हे सगळं लिहा. आणि शेवटी नकाराची वाट सोपी करून द्या: ‘मुक्काम जमत नसेल तर एका ओळीत कळवा, तासभर भेटलो तरी आनंद आहे.’ ‘कधीतरी येऊन जाऊ’ असं मोघम लिहिलं की समोरच्याला हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. दहा दिवस आधी आठवण द्या आणि त्या दिवशी निघाल्यावर फोन करा. याकोबाने सांगितलेलं ‘प्रभूची इच्छा असेल तर’ (४:१५) मनात असू द्या, पण ते तारीख न कळवण्याचं निमित्त करू नका.

आपल्या मंडळीचं पत्र

फिबी किंख्रियाहून निघाली तेव्हा पौलाने रोमकरांना तिची शिफारस केली: ती मंडळीची सेविका आहे, तिचं स्वागत करा, तिला जे लागेल त्यात मदत करा (१६:१-२). ही रीत पुढे पक्की झाली. ४५१ सालच्या खाल्सेदोनच्या परिषदेने तर अनोळखी धर्मसेवकाला स्वतःच्या बिशपच्या शिफारसपत्राशिवाय दुसऱ्या नगरात सेवा करू देऊ नये असा नियमच केला.

तुम्हालाही असं पत्र उपयोगी पडेल. काही ब्रदरन मंडळ्यांत पाहुण्याला भाकर मोडण्याच्या विधीत (प्रभुभोजनात) सहभागी व्हायचं असेल तर ते मागितलं जातं. इतरत्र मागत नाहीत, पण अनोळखी पाळकांशी बोलणं त्यामुळे सोपं होतं. निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी आपल्या पाळकांना किंवा वडीलमंडळाला विचारा. मजकूर शंभर-दीडशे शब्दांचा पुरे: तुमचं नाव, किती वर्षांपासून सभासद आहात, कुठे आणि कशासाठी जात आहात, आणि चौकशीसाठी मंडळीचा फोन. खाली सही आणि तारीख.

क्वेकर या ख्रिस्ती पंथातली एक पद्धत इथे उचलण्यासारखी आहे. त्यांच्यात सेवेसाठी प्रवासाला निघणाऱ्याला घरची सभा लेखी संमती देते. तो जिथे जिथे जातो तिथली सभा त्याच कागदावर चार ओळी लिहून सही करते, आणि परतल्यावर तो कागद घरच्या सभेपुढे वाचला जातो. तुमच्या पत्राची मागची बाजू अशीच कोरी ठेवा आणि निरोप घेताना यजमानांना किंवा तिथल्या पाळकांना दोन ओळी लिहायला सांगा. आपण पाहिलेलं आपल्याला आठवतंच. आपण कसे दिसलो आणि कसे वागलो ते मात्र या ओळींतून कळतं.

रोजची वही

गणना ३३ हा अध्याय पुष्कळजण वाचताना गाळतात, कारण त्यात चाळीसहून अधिक मुक्कामांची नुसती नावं आहेत. पण दुसऱ्याच वचनात म्हटलं आहे की मोशेने परमेश्वराच्या आज्ञेवरून प्रवासाचे ते टप्पे लिहून ठेवले. कुठून निघालो आणि कुठे उतरलो, एवढं लिहिणंही आज्ञेत बसतं. सुरुवात तिथूनच करा.

वही पुठ्ठ्याची, आखीव, साधारण शंभर पानांची आणि हातात मावणारी असावी. फोनवर लिहिणं शक्य आहे, पण फोन उघडला की इतर निरोप समोर येतात आणि पंधरा मिनिटं भलतीकडे जातात. उजव्या पानावर त्याच रात्री लिहायचं आणि डावं पान कोरं सोडायचं. डाव्या पानावर फक्त घरी परतल्यावर लिहायचं. अख्ख्या पद्धतीत सगळ्यात कामाची युक्ती हीच आहे, कारण घडलेलं आणि त्याचा आपण नंतर लावलेला अर्थ वेगवेगळे राहतात. अम्माऊसच्या वाटेवर, सुमारे अकरा किलोमीटर, प्रभू दोन शिष्यांबरोबर चालला, पण ‘वाटेत तो बोलत होता तेव्हा आपलं अंतःकरण आतल्या आत पेटलं नव्हतं काय’ हे त्यांना नंतर कळलं (लूक २४). अर्थ उशिरा येतो, म्हणून त्याच्यासाठी जागा राखून ठेवायची.

उजव्या पानावर काय लिहायचं? तारीख आणि ठिकाण. कोण कोण भेटलं, मुलांची नावं धरून. त्यांच्या तोंडचं निदान एक वाक्य, जसंच्या तसं. एक गोष्ट जी पाहून आपण थबकलो. आणि आपलं स्वतःचं वागणं, चांगलं असो की वाईट. एकूण पंधरा मिनिटं. दोन दिवसांचं एकदम लिहायला गेलात तर वाक्यं हरवतात आणि उरतात ती नुसती विशेषणं. ‘छान भेट झाली, खूप आशीर्वाद मिळाला’ हे वाक्य महिन्याभराने वाचलं तर त्यातून काहीच हाती लागत नाही. ‘भांडी घासताना तो म्हणाला, मंडळीत आता मला कोणी विचारत नाही’ असं लिहिलेलं असेल, तर त्या वाक्यापाशी पुन्हा जाऊन बसता येतं.

वहीच्या शेवटच्या पानांवर दोन वेगळ्या याद्या ठेवा. पहिली प्रार्थनेच्या विनंत्यांची: तारीख, व्यक्ती, त्यांच्याच शब्दांत विनंती, आणि कधीपर्यंत. ‘शस्त्रक्रिया अमुक तारखेला’ असेल तर ती तारीख नोंदवा, म्हणजे त्या दिवशी प्रार्थना करता येईल आणि दुसऱ्या दिवशी फोन. दुसरी यादी आपण दिलेल्या शब्दांची: पुस्तक पाठवतो, अमुक डॉक्टरांचा पत्ता विचारून सांगतो, मुलाच्या अर्जाचं पाहतो. शब्द तोंडातून निघाला की त्याच रात्री तो या यादीत गेला पाहिजे. निरोपाच्या घाईत दिलेले शब्द सगळ्यात आधी विसरले जातात आणि समोरच्याच्या मनात तेच सगळ्यात जास्त काळ राहतात.

विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीसमोर एक खूण करा, समजा चौकोन, आणि तिथे पूर्ण नाव लिहू नका. वही हरवू शकते. पानांचे फोटो काढून ठेवणार असाल तर या खुणेची पानं वगळा.

लिहून झाल्यावर दहा मिनिटं प्रार्थना करा. जेझुइट संघाचा संस्थापक, लोयोलाचा संत इग्नाशियस, याने दिवसाच्या परीक्षणासाठी पाच टप्पे सांगितले आहेत: आभार, प्रकाशासाठी याचना, दिवसाची उजळणी, क्षमा, आणि उद्यासाठी निश्चय. थकलेल्या रात्री पहिला आणि तिसरा एवढे झाले तरी चालेल, पण आभार गाळू नका.

अनोळखी मंडळीच्या उपासनेत

प्रत्येक रविवारी कुठे असाल ते आधीच ठरवा आणि उपासनेची वेळ यजमानांना विचारून घ्या. वीस मिनिटं आधी पोहोचा आणि मागच्या बाजूला बसा. डोकं झाकायचं का, स्त्री-पुरुष वेगळे बसतात का, चपला बाहेर काढायच्या का, हे सगळं आदल्या रात्री विचारावं.

नवख्यांची अडचण सगळ्यात जास्त होते ती प्रभुभोजनाच्या वेळी. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्या सामान्यतः आपल्याच सभासदांना ते देतात, काही प्रॉटेस्टंट मंडळ्याही तसंच करतात, आणि अनेक मंडळ्या बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येक विश्वासणाऱ्याला बोलावतात. अंदाजाने पुढे जाऊ नका, पाळकांना किंवा धर्मगुरूंना आधी विचारा. पुष्कळ कॅथलिक चर्चमध्ये हात छातीवर आडवे ठेवून पुढे गेलात तर आशीर्वाद मिळतो. ऑर्थोडॉक्स उपासनेच्या शेवटी आशीर्वादित भाकर वाटतात, ती बहुतेक ठिकाणी पाहुण्यांनाही देतात. आपल्याला टेबलापासून दूर ठेवलं म्हणून मनाला लागलं तर तेही वहीत लिहा. ख्रिस्ताच्या शरीरातली फूट पुस्तकात वाचणं वेगळं आणि बाकावर बसून राहणं वेगळं. तो सल बोथट करायची घाई नको, परतल्यावर प्रार्थनेत त्याचं काम आहे.

तिथली गाणी, उपदेश आणि गर्दी यांची आपल्या मंडळीशी तुलना मनात सुरू होणारच. ती वहीत उजव्या पानावर लिहू नका. तिथे फक्त काय घडलं ते लिहा: कोणता शास्त्रभाग वाचला, कोणासाठी प्रार्थना झाली, दाराशी तुमच्याशी पहिलं कोण बोललं.

बोलायला सांगितलं तर पाच मिनिटांत आटोपा: आपल्या मंडळीचा सलाम, एक वचन, आभार.

फोटो आणि इतरांची सुरक्षा

फोटो काढण्याआधी विचारा, आणि तो कुठे टाकणार तेही सांगा. मुलांच्या फोटोसाठी आईवडिलांची वेगळी परवानगी घ्या. जिथे विश्वासणाऱ्यांना त्रास होण्याची शक्यता आहे तिथे चेहरे, घराचा दर्शनी भाग आणि गावाचं नाव यांतलं काहीच प्रसिद्ध करू नका. फोनच्या कॅमेऱ्यातली ठिकाण नोंदवण्याची सोय प्रवासाआधीच बंद करा, कारण फोटोसोबत तो पत्ताही पुढे जातो.

ऐकलेलं सांभाळणं

एका घरातून दुसऱ्या घरी जाणाऱ्या पाहुण्याला सगळेच बातम्या विचारतात. ‘तिकडचे कसे आहेत?’ हा प्रश्न प्रेमाचा असतो, पण त्याच्या उत्तरातच चहाडी शिरते. तिथून निघतानाच त्या यजमानांना विचारून घ्या: ‘पुढच्या घरी तुमच्याबद्दल विचारलं तर काय सांगू?’ त्यांनी सांगितलं तेवढंच सांगायचं. असं विचारायला सुरुवातीला अवघड वाटतं, पण यजमानांना त्याने फार हलकं वाटतं.

दोन मित्रांमध्ये किंवा एका मंडळीतल्या दोन गटांमध्ये वाद असेल तर दोघेही आपली बाजू तुमच्यापुढे मांडतील आणि निरोप पोहोचवायला सांगतील. निरोप नेऊ नका. ‘हे तुम्ही त्यांना स्वतः सांगितलंत तर मी प्रार्थना करीन’ एवढं म्हणा. दोन रात्रींच्या पाहुण्याला वादाचं मूळ दिसत नाही, आणि तो निघून गेल्यावर त्याच्या शब्दांचा उपयोग कोण कसा करेल ते त्याच्या हातात राहत नाही.

संत बेनेडिक्टने मठवासींसाठी लिहिलेल्या नियमातल्या ६७व्या अध्यायात प्रवासाहून परतलेल्या बंधूंसाठी दोन गोष्टी आहेत. वाटेत वाईट काही पाहिलं-ऐकलं असेल त्यासाठी त्यांनी सगळ्यांकडे प्रार्थना मागावी, आणि बाहेर पाहिलेलं-ऐकलेलं मठात कोणाला सांगू नये, कारण त्याने फार नुकसान होतं. आपण मठात राहत नाही, आणि आपल्याला सांगायचंही असतं. तरी मंडळीला काय झालं ते सांगण्याआधी स्वतःसाठी प्रार्थना मागायची, हा क्रम घेण्यासारखा आहे.

अवघड भेटी

प्रत्येक प्रवासात एखादी भेट ठरल्यासारखी होत नाही. मनन करताना तीच टाळावीशी वाटते, म्हणून तिच्याबद्दल थोडं सविस्तर.

एखाद्या जुन्या मित्राने विश्वास सोडलेला असतो. त्याला हे माहीत असतं की तुम्हाला ते कळणार, आणि तुम्ही दारात उभे राहिल्यापासून तो उपदेशाची वाट पाहत असतो. पहिल्या दिवशी हा विषय काढू नका. त्याने काढला तर मधे न बोलता ऐका आणि ‘हे केव्हापासून?’ असं विचारा, कारण ‘का?’ या प्रश्नात आरोप ऐकू येतो. घरात जेवणाआधी प्रार्थना होत नसेल तर मनातल्या मनात करा. निघताना ‘मी तुझ्यासाठी प्रार्थना करतो, चालेल ना?’ असं विचारा. बहुतेकजण हो म्हणतात. नाही म्हणाला तर त्याचा मान ठेवा आणि प्रार्थना देवापुढे गुप्तपणे करा. या भेटीत आपण काय जिंकलं हा प्रश्न मननात येऊ देऊ नका. पुढच्या वेळी तो दार उघडेल का, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

दुसरा प्रसंग म्हणजे खूप आजारी किंवा अगदी म्हातारे झालेले विश्वासणारे. इथे मुक्काम करू नका. जवळ कुठेतरी राहा आणि दोन वेळा जा, अर्धा-अर्धा तास. एखादं स्तोत्र हळू आवाजात वाचा. प्रवासात १२१वं सोबत असतंच. ही शेवटची भेट असेल हे दोघांनाही कळत असेल तर आभार आणि क्षमा यांतलं जे सांगायचं ते पत्रावर ढकलू नका.

तिसरा प्रसंग थंड स्वागताचा. योहानाच्या तिसऱ्या पत्रात एकीकडे गायस आहे, जो अनोळखी बंधूंचाही पाहुणचार करतो, आणि दुसरीकडे दियत्रफेस, जो स्वतः बंधूंना घेत नाही आणि घेणाऱ्यांनाही अडवतो. दोघे एकाच छोट्या पत्रात आहेत. पण थंडपणामागे बहुतेक वेळा दियत्रफेस नसतो. घरात आजारपण असतं, पैशाची ओढाताण असते, नवरा-बायकोचं भांडण झालेलं असतं. एक रात्र राहून नम्रपणे लवकर निघा आणि त्या रात्रीच्या पानावर निवाडा लिहू नका, फक्त दिसलेलं लिहा. डाव्या पानावर काय येतं ते महिन्याभराने पाहा.

परतल्यावरचे पहिले दहा दिवस

पहिले दोन दिवस काहीही ठरवू नका. झोपा, कपडे धुवा. सुखरूप पोहोचल्याचा एका ओळीचा निरोप मात्र सगळ्या यजमानांना त्याच दिवशी पाठवा. राहिलेल्या वस्तूंची चौकशीही लगेच करा. पौलाचा झगा आणि पुस्तकं त्रोवसात कार्पाकडे राहिली होती, ती आणायला त्याने तिमथ्याला कळवलं (तिमथ्याला दुसरे पत्र ४:१३), तेव्हा यात संकोच नको.

तिसऱ्या दिवसापासून आभारपत्रं. रोज दोन, जास्त नकोत, नाहीतर सगळी सारखीच होतात. नमुना म्हणून रोमकरांस पत्राचा १६वा अध्याय उघडा. पौल वीसहून अधिक जणांना नावाने सलाम सांगतो आणि त्यांतल्या अनेकांबद्दल त्यांनी नेमकं काय केलं ते लिहितो: हिने खूप श्रम केले, यांनी माझ्यासाठी आपला जीव धोक्यात घातला, याची आई मलाही आईसारखी. तुमच्या पत्रातही एक नेमकी गोष्ट हवी, जी दुसऱ्या कोणाच्या पत्रात चालणार नाही. घरातल्या मुलांचा नावाने उल्लेख करा. दिलेला शब्द कधी पुरा करणार ते लिहा. हातभर लांबीचं पत्र नको, एक पान पुरे. दहा कुष्ठरोग्यांतला एकच परत आला (लूक १७), आणि नऊंबद्दल प्रभूने विचारलं, हे ध्यानात असू द्या.

आठवडाभर मन उदास राहिलं तर घाबरू नका. रोज नवी माणसं, रोजची प्रार्थना आणि जिव्हाळा एकदम थांबतो, तेव्हा घर रिकामं वाटतं. या दिवसांत मोठे निर्णय घेऊ नका: नोकरी सोडणं, दुसऱ्या मंडळीत जाणं, तिकडे राहायला जाणं. असा विचार आला तर तारीख घालून लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी पाहा.

वही तीन वेळा वाचणं

साधारण दहाव्या दिवशी दोन तासांचा निवांत वेळ काढा. पहिल्या वाचनात हातात पेन घेऊ नका, सलग शेवटपर्यंत वाचा.

दुसरं वाचन माणसांसाठी, आणि तेच सगळ्यात सावकाश करायचं. प्रत्येक नावापाशी थांबा, पहिल्या पानावर निघण्याआधी लिहिलेल्या ओळी काढा आणि डाव्या पानावर लिहा: मला काय वाटलं होतं, प्रत्यक्षात काय दिसलं, आता त्यांच्यासाठी काय करायचं. यात चार-पाच संध्याकाळी जातील, जाऊ द्या. ज्याच्याबद्दल आपला अंदाज सपशेल चुकला तिथे जास्त लिहा. आणि एका पानावर फक्त त्यांची नावं लिहा ज्यांना भेटायचं राहून गेलं किंवा ज्यांना आपण ऐकण्यापेक्षा बोललो जास्त.

तिसरं वाचन स्वतःसाठी. अनुवाद ८:२ मध्ये इस्राएलला सांगितलं आहे की परमेश्वराने ज्या वाटेने चालवलं ती सगळी वाट आठव, आणि कारणही दिलं आहे: तुझ्या मनात काय आहे ते कळावं. कुठे चिडलो, कुठे दाखवायला बोललो, कुठे थकवा असूनही प्रेम करता आलं, हे उजव्या पानांवर विखुरलेलं सापडेल. ‘प्रभूनेच हे घडवून आणलं’ असं लिहायची घाई करू नका. जिथे ते उघड दिसतं तिथे शमुवेलासारखा दगड उभा करा, एबन-एजर, इथवर त्याने साहाय्य केलं. बाकी ठिकाणी ‘अजून कळलं नाही’ असं लिहून डाव्या पानावर जागा सोडा.

मंडळीला सांगणं

पौल आणि बर्णबा अंत्युखियाला परतले तेव्हा त्यांनी मंडळी जमवून देवाने काय काय केलं ते सांगितलं (प्रेषितांची कृत्ये १४:२७). तुमच्या मंडळीने तुम्हाला पत्र देऊन पाठवलं आहे, तेव्हा सांगणं कर्तव्यच आहे. दहा ते बारा मिनिटं घ्या आणि आठपेक्षा जास्त फोटो दाखवू नका. रस्ता, हवामान आणि निसर्ग एका वाक्यात संपवा. परवानगी घेतलेल्या दोन किंवा तीन माणसांबद्दल नीट सांगा, त्यांच्या प्रार्थनेच्या विनंत्या सांगा आणि लगेच, तिथेच, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. पत्राच्या मागे इतर मंडळ्यांनी लिहिलेल्या ओळी तुम्ही न वाचता पाळकांना वाचायला द्या.

तीन महिन्यांनी

वहीच्या मागच्या दोन्ही याद्या काढा. दिलेल्या शब्दांपैकी जो पुरा झाला त्यावर रेघ मारा. जो होणार नाही हे आता कळलं आहे, त्याबद्दल त्या माणसाला तसं स्पष्ट कळवा आणि क्षमा मागा. प्रार्थनेच्या यादीतल्या प्रत्येकाला ‘त्या गोष्टीचं पुढे काय झालं?’ असा छोटा संदेश पाठवा. उत्तर आलं की तारखेसह लिहा. परतल्यावर आलेले मोठे विचार तारीख घालून ठेवले असतील तर ते आता वाचा, आणि अजून जिवंत वाटणारा विचार पाळकांपुढे किंवा एखाद्या जाणत्या मित्रापुढे मांडा.

मग चौकोनाची खूण असलेल्या नोंदी एकेक करून पाहा. ज्या गोष्टीसाठी अजून प्रार्थना चालू आहे ती नोंद राहू द्या. जी गोष्ट संपली आहे, तिचं पान काळजीपूर्वक कापून नष्ट करा, आणि ज्याने ती सांगितली होती त्याला हेही कळवा.